क्रेनिओसॅक्रल थेरपीने आईची मानदुखी कमी होईल का?

कोलशेतहून एका ताईंनी विचारलं आहे. त्यांची आई एकसष्ट वर्षांची. तीन वर्षांपासून मान आणि उजवा खांदा दुखतो. मानेतून निघालेली कळ डोक्यात चढते आणि डोळ्यामागे ठणकत राहते. एमआरआयमध्ये सी-फाइव्ह सी-सिक्सला, म्हणजे मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांमध्ये, डिस्क बल्ज (मधली गादी बाहेर फुगलेली) आला, 'मणक्यात गॅप आहे' असं सांगितलं गेलं. वजन लावून झालं, मशीन लावून झाली, पट्टा अजून गळ्यात आहे. वडील गेल्यापासून दुखणं वाढलं आणि झोप गेली. ऐरोलीच्या एका नातेवाइकांनी क्रेनिओसॅक्रल थेरपी, म्हणजे डोकं, मान आणि कमरेला अगदी हलका हात ठेवून द्यायचा उपचार, सुचवली, तिथे दहा सेशनचं पॅकेज सांगितलंय. ताई विचारतात, "नुसता डोक्याला हात लावून बसतात म्हणे. यात तथ्य आहे की पैसे वाया जातील? माझं बाळ चार महिन्यांचं आहे, रात्री फार रडतं. त्यालाही द्यायची का?"

उत्तर आधी देते, मग त्यामागचं सगळं सांगते. आईंना देऊन बघायला हरकत नाही. मात्र आधी नीट तपासणी व्हायला हवी, पॅकेजचे पैसे एकदम भरायचे नाहीत आणि सोबत मानेचे व्यायाम सुरू करायचे. बाळाला ही थेरपी नको. त्याच्या रडण्याचं वेगळं बघावं लागेल, ते पुढे लिहिते.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, ठाण्याच्या नौपाड्यात बरीच वर्षं प्रॅक्टिस करते. क्रेनिओसॅक्रलचं प्रशिक्षण नंतर घेतलं. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना मी ही थेरपी देत नाही. ज्यांना देते त्यांना का देते, हे कळलं की आईंच्या बाबतीत तुम्हालाच ठरवता येईल.

तपासणी आधी म्हणते, कारण या उपचारात हात इतका हलका असतो की 'यात धोका काय' म्हणत महिने निघून जातात आणि खरं कारण मागे राहतं. आईंना विचारा, ब्लाउजचं हुक लावताना, साडीच्या निऱ्या धरताना बोटं पूर्वीसारखी चालतात का? भांडं हातातून सुटतं का? चालताना तोल जातो का, पाय जड पडतात का, लघवी रोखता येत नाही असं होतं का? यातलं काही असेल तर मानेत मज्जारज्जूवर दाब येत असू शकतो. मग आठवडाभरही थांबायचं नाही, स्पाइन सर्जन किंवा न्यूरोलॉजिस्टना दाखवायचं. संध्याकाळी बारीक ताप, उतरत चाललेलं वजन, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल तर मणक्याचा टीबी आहे का ते बघावं लागतं. आपल्याकडे तो अजून दिसतो आणि वेळेत सापडला तर औषधांनी बरा होतो. डोकेदुखी पन्नाशीनंतर नव्याने सुरू झाली असेल, केस विंचरताना कानशिलं दुखत असतील, पोळी चावताना जबडा भरून येत असेल किंवा नजर अंधुक होत असेल, तर कानशिलाच्या धमनीला सूज आलेली असू शकते. तिच्यावर लगेच उपचार झाले नाहीत तर दृष्टी जाऊ शकते. अशा वेळी डॉक्टर त्याच दिवशी ईएसआर आणि सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या करून घेतात. आणि मिनिटभरात टोकाला गेलेली भयंकर डोकेदुखी कधी झाली, तर कुठल्याही थेरपिस्टचा विचार न करता थेट इमर्जन्सी गाठा.

उजव्या खांद्याबद्दल दोन शब्द. आईंना मधुमेह आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल, आणि हात मागे नेऊन वेणी घालता येत नसेल, तर तो फ्रोझन शोल्डर असू शकतो. मानेवर कितीही काम केलं तरी तो सुटायचा नाही. तेलकट खाल्ल्यावर खांदा दुखत असेल तर पित्ताशयाची सोनोग्राफी करून घ्या. पित्ताशयाचं दुखणं उजव्या खांद्यात जाणवतं.

आता तो गॅप. या एका शब्दाने ठाण्यात किती माणसं घाबरून घरी बसली आहेत, ते मी रोज बघते. जपानमध्ये मानेचं काहीच दुखणं नसलेल्या १,२११ लोकांचे एमआरआय काढले होते. २०१५ साली ते निष्कर्ष छापून आले. त्या लोकांपैकी ८७.६ टक्क्यांच्या मानेत डिस्क बल्ज होता. धडधाकट, काहीही न दुखणारी माणसं ही. एकसष्टाव्या वर्षी सी-फाइव्ह सी-सिक्सला बल्ज दिसणं हे केस पांढरे होण्याइतकंच वयाचं लक्षण आहे. हाताची ताकद, संवेदना आणि रिफ्लेक्स ठीक असतील तर त्या रिपोर्टला घाबरून मान हलवायची थांबवू नका. पट्टा काढा. एकदम भीती वाटत असेल तर आठ-दहा दिवसांत हळूहळू सोडवा, पण काढा. महिनोन् महिने पट्टा लावला की मानेचे आतले बारीक स्नायू काम करणंच सोडून देतात.

हे झाल्यावर थेरपीकडे येऊ.

हिचं मूळ अमेरिकेतल्या ऑस्टिओपॅथीत, म्हणजे हाडं-स्नायूंवर हाताने उपचार करण्याच्या पद्धतीत आहे. मिसूरी राज्यात कर्क्सव्हिलला ऑस्टिओपॅथीचं पहिलं कॉलेज होतं. तिथे विल्यम सदरलँड नावाचा विद्यार्थी १८९९च्या सुमारास सुटी करून मांडलेली कवटी बघत होता. कानशिलाच्या हाडाच्या तिरक्या कडा बघून त्याला माशाचे कल्ले आठवले आणि ही हाडं हलण्यासाठीच बनली असावीत असं त्याच्या मनाने घेतलं. पुढे त्याने स्वतःच्या डोक्यावर पट्टे बांधून, दाब देऊन प्रयोग केले आणि १९३९ साली आपलं म्हणणं पुस्तकात मांडलं. दुसरं नाव जॉन अपलेजर या ऑस्टिओपॅथिक डॉक्टरांचं. १९७०च्या दशकात मानेच्या एका शस्त्रक्रियेत मदत करताना त्यांना मज्जारज्जूवरचं आवरण, म्हणजे ड्यूरा, स्थिर धरायला सांगितलं होतं. ते स्थिर राहीना, एका लयीत वरखाली होत राहिलं. मग मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत त्यांनी त्यावर काम केलं, १९८५मध्ये फ्लोरिडात संस्था काढली आणि ही पद्धत डॉक्टर नसलेल्यांनाही शिकवायला सुरुवात केली. आपल्याकडे जे शिकून येतात, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या शिक्षणाचा धागा तिथवर जातो.

यातली शरीररचना खरी आहे. मेंदू आणि मज्जारज्जूभोवती साधारण १५० मिलिलिटर द्रव असतो आणि दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर नवा तयार होतो. ड्यूराची पिशवी कवटीच्या तळाशी, मोठ्या छिद्राच्या कडेला घट्ट चिकटलेली असते. ती खाली कमरेमागच्या तिकोनी हाडापर्यंत, म्हणजे सेक्रमपर्यंत जाते. क्रेनियम आणि सेक्रम या दोन टोकांवरूनच थेरपीचं नाव पडलं. तो द्रव श्वासाबरोबर आणि हृदयाच्या ठोक्याबरोबर हलतो, हे आता एमआरआयमध्येही दिसतं.

जे टिकत नाही तेही सांगते. श्वास आणि हृदयाचा ठोका या दोन्हींपासून वेगळी, मिनिटाला सहा ते बारा वेळा येणारी एक 'क्रेनिओसॅक्रल लय' असते आणि थेरपिस्टला ती बोटांना कळते, असं शिकवलं जातं. १९९०च्या दशकात हे तपासलं गेलं. एका थेरपिस्टचे हात डोक्यावर, दुसऱ्याचे त्याच वेळी पायांवर, आणि दोघांनी मोजायचं. आकडे जुळले नाहीत. तेच मोठ्या माणसाच्या कवटीच्या हाडांचं. कवटीच्या तळाचा मुख्य सांधा कुमारवयातच हाडाने भरून निघतो. या थेरपीत दाब शिकवतात पाच ग्रॅमचा. २०११च्या मालिकेतलं दोन रुपयांचं नाणं तळहातावर ठेवून बघा, ४.८५ ग्रॅमचं असतं. एवढ्या दाबाने हाड सरकत नाही. म्हणून 'तुमच्या आईच्या कवटीचं हाड सरकलंय, ते जागेवर आणतो' असं कुणी म्हणालं तर तिथून उठा.

मग मी ही का करते? कारण रुग्णांना बरं वाटताना मी पाहते, आणि त्याचं कारण हाडांपेक्षा मज्जासंस्थेत सापडतं असं माझं ठाम मत झालं आहे.

मानेच्या वरच्या तीन नसा आणि चेहऱ्याची संवेदना नेणारी ट्रायजेमिनल नस यांचे तंतू मेंदूच्या खालच्या भागात एकाच ठिकाणी येऊन मिळतात. त्यामुळे मानेच्या वरच्या टोकाला बिघाड असला तरी ठणका डोळ्यामागे किंवा कपाळात जाणवतो. तुमच्या आईंचं वर्णन तसंच आहे. मानेच्या त्या वरच्या टोकाला, कवटीच्या तळाखाली, चार जोड्या छोट्या स्नायूंच्या आहेत. त्यांतल्या एका स्नायूचा ड्यूराशी ऊतींचा थेट पूल आहे, हे १९९५मध्ये दाखवलं गेलं. माणूस भ्यायलेला असतो, झोपलेला नसतो, दुखेल म्हणून मान जपत असतो, तेव्हा हे स्नायू दिवसरात्र आवळलेले राहतात. त्यांच्यावर जोर लावला की ते आणखी आवळतात. काही माणसं मालिश करून घेतात आणि दुसऱ्या दिवशी मान जास्तच धरते, ती अशाने.

हलक्या स्पर्शाची वाट वेगळी आहे. त्वचेत काही मंद गतीचे तंतू फक्त सावकाश, मऊ स्पर्श टिपतात. सेकंदाला एक ते दहा सेंटीमीटर वेगाने हात फिरला तर ते सगळ्यात जास्त जागे होतात. ते संदेश मेंदूतल्या भावनेशी जोडलेल्या भागांकडे जातात. क्रेनिओसॅक्रलमध्ये हात फिरत नाही, एका जागी असतो, तेव्हा एवढ्यावर सगळं स्पष्टीकरण होत नाही, हे मला मान्य आहे. उबदार हात, पाठीवर आडवं होणं, संथ श्वास, पाऊण तास कुणी तरी पूर्ण लक्ष देणं, हे सगळं त्यात मिसळलेलं असतं. त्यातलं नेमकं किती कशामुळे, ते वेगळं काढता येत नाही.

अभ्यासांचं चित्र उलटसुलट आहे. जर्मनीत जुनाट मानदुखीच्या ५४ रुग्णांवर एक चांगला प्रयोग झाला, २०१६मध्ये तो प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना आठ आठवडे क्रेनिओसॅक्रल दिली, अर्ध्यांना त्याच जागांवर नुसता हलका हात ठेवला. क्रेनिओसॅक्रलवाल्यांची वेदना जास्त कमी झाली, आणि फरक विसाव्या आठवड्यातही दिसत होता. २०२०मध्ये दहा प्रयोगांची एकत्र मोजदाद झाली, त्यात ६८१ रुग्ण होते आणि निष्कर्ष बाजूने निघाला. २०२४मध्ये पंधरा प्रयोगांची मोजदाद झाली, तिचा निष्कर्ष मात्र फायदा दिसत नाही असा आहे. यावरून मी एवढंच धरते की मानदुखीसाठी, मर्यादित काळ, बाकी उपचारांसोबत ती वापरून बघण्यासारखी आहे. मायग्रेन कायमचा जाईल, स्लिप डिस्क आत बसेल, फिट्स थांबतील, ऑटिझम बरा होईल, असं म्हणायला काहीही आधार नाही.

आईंच्या बाबतीत मला आशा वाटते, ती तुम्ही ओझरत्या लिहिलेल्या एका वाक्यामुळे. वडील गेल्यापासून दुखणं वाढलं. जागतिक वेदना संघटनेची व्याख्या १९७९पासून, आणि २०२०च्या सुधारणेनंतरही, वेदनेला शरीराचा आणि भावनेचा एकत्र अनुभव म्हणते. याचा अर्थ आईंचं दुखणं मनाचे खेळ आहेत असा मुळीच नाही, आणि तसं त्यांना कुणालाही म्हणू देऊ नका. वर सांगितलेले ते आवळलेले स्नायू खरे आहेत, मोडलेली झोप खरी आहे, आणि झोप मोडलेल्या शरीराला तेवढ्याच कळेची वेदना जास्त होते. त्यात आणखी एक, जे कुणी बोलत नाही. आपल्या घरांतून या वयाच्या बाईला नवरा गेल्यावर जवळजवळ कुणी हात लावत नाही. नातवंड मांडीवर येतं तेवढंच. डॉक्टर बीपी बघतात, केमिस्टकडे गोळ्यांची स्ट्रिप हातात पडते, आणि दिवस संपतो. अशा बायका टेबलावर आडव्या होतात, डोक्याखाली दोन हात येतात, आणि काही मिनिटांत डोळ्यांच्या कडांतून पाणी कानाकडे ओघळतं. मी तेव्हा काही विचारत नाही. टिश्यू हाताशी ठेवते, हात आहेत तिथेच राहू देते. जे थेरपिस्ट या क्षणाला 'दबलेली आठवण बाहेर येतेय' म्हणून खणत बसतात, त्यांच्याकडे आईंना नेऊ नका. दुःखावर बोलायचं असेल तर त्यासाठी शिकलेली माणसं ठाण्यातच आहेत. आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९०पासून इथे काम करते आहे, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आईंना भूक नसेल, कशातच मन लागत नसेल, 'आता जगून काय करायचं' असं त्या म्हणत असतील, तर मानेच्या आधी तिकडे जा.

सेशन कसं असतं ते सांगते, म्हणजे त्यांना धाकधूक राहणार नाही. कपडे अंगावरच असतात, साडी-पंजाबी ड्रेस काहीही चालतं, फक्त केसांचा चाप आणि गळ्यातला जाड दागिना काढायचा. गुडघ्याखाली उशी, अंगावर चादर. आमच्या गल्लीत खिडकी लावली तरी रिक्षांचे हॉर्न ऐकू येतात, त्याने बिघडत नाही. मी आधी घोट्यांना धरून श्वास बघते. मग एक हात कमरेखाली, सेक्रमवर. मग पोटाच्या वरच्या भागावर आणि पाठीमागे असे दोन हात, मग गळ्याच्या खालच्या खळगीपाशी. सगळ्यात जास्त वेळ मानेच्या टोकाला. मी डोक्याशी बसते, तळहात वर करून त्यांच्या डोक्याखाली सरकवते, आणि बोटांची टोकं कवटीचा तळ जिथे संपतो तिथल्या मऊ खाचेत उभी करते. दाबत काहीच नाही. डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं असतं, ते स्वतःच्याच वजनाने बोटांवर उतरतं. पहिली दोन-तीन मिनिटं ते हवेत धरल्यासारखं असतं. माणूस झोपलेला असतो पण मान अजून राखण करत असते. मग एखादा आवंढा गिळला जातो, पोटात गुरगुरतं, जबडा सुटतो, पापण्या थरथरतात, आणि डोकं एकदम जड होतं. बोटांखालचं दोरीसारखं कडक काही तरी विरघळून पसरतं. हे मी दर वेळी हाताने अनुभवते, आणि त्यासाठी कुठल्याही गूढ लयीची गरज मला भासत नाही.

तोंडात ग्लोव्ह्ज घालून जबड्याच्या स्नायूंचं काम करायचं असेल तर आधी विचारलं गेलंच पाहिजे. आईंना नको वाटलं तर नाही म्हणावं, आणि खोलीत तुम्ही बसलात तर कुठल्याही चांगल्या थेरपिस्टची हरकत नसते. डोक्याला नुकताच मार लागला असेल, मेंदूत रक्तस्राव झाला असेल, धमनीला फुगा असेल, शंट (मेंदूतलं जादा पाणी काढणारी नळी) बसवला असेल, पाठीतून पाणी काढून थोडेच दिवस झाले असतील, तर ही थेरपी करायची नाही.

सेशन संपल्यावर आईंना उठवून घरी पाठवलं तर अर्धंच काम झालं. त्या पंधरा-वीस मिनिटांत मान सैल असते, भीती कमी असते. तेव्हाच व्यायाम शिकवायचा. उताणं झोपून 'हो' म्हटल्यासारखी हनुवटी अगदी थोडी आत घ्यायची, डोकं उचलायचं नाही, पाच सेकंद धरून सोडायचं, आठ-दहा वेळा. मग बसून मान दोन्ही बाजूंना जेवढी सुखाने जाईल तेवढी वळवायची. खांद्याची पाती मागे खाली. आणि चालणं. तलावपाळीला सकाळी लवकर किंवा उपवनला संध्याकाळी, जिथे त्यांना ओळखीचं कुणी भेटेल तिथे. जांभळी नाक्याजवळ कपड्यांचं अल्टरेशन करणाऱ्या एक बाई माझ्याकडे होत्या, दिवसभर खाली वाकून काम. हलक्या हाताने त्यांना झोप लागू लागली, पण मान वळू लागली ती मशीनखाली फळी घालून उंची वाढवल्यावर आणि व्यायाम रोज केल्यावर. दुखणं शून्यावर आलं नाही. काम बंद करावं लागलं नाही, तेवढं त्यांना पुरेसं होतं. दुसरीकडे घणसोलीत रात्रपाळी करणाऱ्या एका मुलाला या थेरपीने काहीच फरक पडला नाही. तो झोपेत दात आवळत होता. डेंटिस्टने रात्री घालायचा गार्ड करून दिला आणि डोकेदुखी उतरली.

गोळ्यांचं जरूर बघा. आई महिन्यात पंधरा किंवा त्याहून जास्त दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या घेत असतील, किंवा दहा किंवा त्याहून जास्त दिवस दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या, आणि हे तीन महिन्यांहून जास्त चाललं असेल, तर गोळ्याच डोकेदुखी चालू ठेवत असू शकतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्या कमी करायच्या. बीपीची, मधुमेहाची, थायरॉइडची गोळी मात्र कुणाच्याही सांगण्यावरून बंद करायची नाही.

बाळाचं. बाळाचं रडणं चार महिन्यांपर्यंत सहसा ओसरायला लागतं. तुमच्याकडे ओसरत नसेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. वजन वाढतंय का, कान दुखतोय का, दूध उलटून घशाशी येतंय का, ते बघतील. बाळ मान सतत एकाच बाजूला ठेवत असेल तर तेही सांगा. त्यावर फिजिओथेरपी आहे आणि ती लवकर सुरू झालेली बरी. नेदरलँड्समध्ये क्रेनिओसॅक्रलच्या नावाखाली मान आणि पाठीचा कणा वाकवल्यावर एक तान्हं बाळ दगावल्याची नोंद तिथल्या वैद्यकीय नियतकालिकात २००९मध्ये आली होती. हलक्या हाताची थेरपी म्हणून शिकवतात ती ही नव्हे, पण नावाखाली कोण काय करेल ते तुम्हाला दाराबाहेरून कळणार नाही. आणि घरी मालिशवाल्या बाई येत असतील तर त्यांनाही सांगा, डोकं गोल करण्यासाठी दाबायचं नाही, टाळूवर तेल थापून चोळायचं नाही. पुढची टाळू भरायला दीड वर्षापर्यंत वेळ लागतो, आणि ती आपोआप भरते. तुम्ही स्वतः रात्री जागून थकलात की बाळाला पाळण्यात ठेवा, खोलीबाहेर पाच मिनिटं जा. चिडून कधीही हलवू नका.

थेरपिस्ट निवडताना एवढं बघा. क्रेनिओसॅक्रल थेरपिस्ट म्हणून आपल्याकडे वेगळी सरकारी नोंदणी नाही, त्यामुळे भिंतीवरच्या कोर्सच्या सर्टिफिकेटने काही सिद्ध होत नाही. मूळ शिक्षण काय, ते विचारा. बीपीटी-एमपीटी (फिजिओथेरपीच्या पदव्या) झालेले किंवा डॉक्टर असावेत, परिषदेचा नोंदणी क्रमांक असावा. पहिल्या भेटीत त्यांनी हाताची ताकद, रिफ्लेक्स, मान किती वळते हे तपासलं नाही आणि थेट टेबलावर झोपवलं, तर दुसरीकडे जा. ऐरोलीतल्या त्या ठिकाणी तपासणी होत असेल तर जरूर जा, फक्त दहाचं पॅकेज नको. एकेक सेशनचे पैसे द्या.

घरी तुम्हीही थोडं करू शकता, तेही फुकट. आई झोपल्या की त्यांच्या डोक्याशी बसा, दोन्ही तळहात वर करून एकाला एक लावा, त्यात डोकं ठेवू द्या. दहा मिनिटं. बोलायचं नाही, चोळायचं नाही, फोन दुसऱ्या खोलीत. हात अवघडले तर दोन टेनिस बॉल एका मोज्यात घालून गाठ मारा आणि कवटीच्या तळाखाली ठेवा, पाच मिनिटांपासून सुरुवात करा. चक्कर येत असेल किंवा हाडं ठिसूळ असल्याचं निदान असेल तर बॉल नको, हातच बरे.

पहिल्या भेटीआधी एका वहीत तीन गोष्टी लिहून ठेवा. रिक्षात बसल्यावर मागे बघायला मान किती वळते, रात्री सलग किती तास झोप लागते, आणि आठवड्यात किती गोळ्या लागल्या. दुखणं दहापैकी किती, हे आई रोज वेगळं सांगतील, या तीन गोष्टी तुम्हाला दिसतील. तीन सेशननंतर वही उघडा. यातली एक तरी हलली असेल तर आणखी तीन-चार घ्या, दोन सेशनमधलं अंतर वाढवत न्या आणि व्यायामावर या. काहीच हललं नसेल तर चौथं घेऊ नका. चष्म्याचा नंबर, जबडा, खांदा आणि उशीची उंची तेव्हा पुन्हा तपासून घ्या.